पहिल्या तीन नळ्या

येचनच्या बाजारात तेलाच्या घाण्या सात. कमानीतून आत शिरलं की डाव्या हाताची तिसरी, ती प्यो गिल-सूची. आणि तिच्यासारखी घाणी अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायची वेळ गिल-सू येऊच देत नाही. तीळ भाजताना तो स्वतः सांगतो, बाटलीला बूच लावताना सांगतो, आणि गिऱ्हाईक निघालं की त्याच्या पाठीलाही सांगतो.

या बाजारात गिऱ्हाईक आपले तीळ आपण घेऊन येतं आणि शेवटचा थेंब सोजू दारूच्या रिकाम्या हिरव्या बाटलीत पडेपर्यंत तिथून हलत नाही. पाठ फिरली की घाणीवाला बाहेरदेशचे स्वस्त तीळ मिसळणार, हे सगळे धरूनच चालतात. म्हाताऱ्या बायका यंत्रासमोर स्टूल टाकून बसतात, गप्पा शेजारणीशी मारतात, पण डोळा यंत्रावर. गिल-सूला त्याचा राग कधी आला नाही. "बघा, नीट बघा. चष्मा आणलाय ना? नसेल तर माझा घ्या," असं तो वर म्हणतो.

फक्त एक बाई बसत नाही. होंग आजी. एकतीस वर्षं झाली, ती पोतडी ठेवते, "मी सुया टोचून येते रे," म्हणते आणि गुडघ्याला सुया टोचून घ्यायला वैद्याकडे निघून जाते. दोन तासांनी येऊन बाटल्या उचलते. वाससुद्धा घेऊन बघत नाही. गिल-सू हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. "सरकारी शिक्का लागतो इतरांना. मला होंग आजी पुरे."

पण घाणीची बढाई ही नुसती तोंड उघडायला. खरी बढाई बहिणीची.

प्यो इन-सुक. गिल-सूपेक्षा बारा वर्षांनी धाकटी. बाप गेला तेव्हा गिल-सू नववीत होता आणि ही तीन वर्षांची. आठवड्यात त्यानं दप्तर खुंटीला टांगलं आणि घाणीवर बसला. पोरीला पाठीशी बांधून तीळ भाजले त्यानं. तिच्या केसांना कायम भाजक्या तिळाचा वास. शाळेत पोरी नाक धरायच्या, "तेलकट आली, तेलकट आली." ही रडत घरी यायची नाही. घाणीवर येऊन बसायची, बाटलीवर नरसाळं धरायची, आणि सहा वर्षांची पोर एक थेंब सांडायची नाही. एक थेंब! अख्ख्या बाजारानं बघितलंय, हवं तर जाऊन विचारा.

ती शिकली. जिल्ह्यात पहिली आली, मोठ्या विद्यापीठात गेली, मेंग सरांच्या हाताखाली डॉक्टर झाली आणि देजॉनच्या संशोधन संस्थेत लागली. काय करते, ते गिल-सू बाजारात असं सांगायचा: "आपल्या अंगातल्या एकेका पेशीत तेलाचे बारके थेंब असतात. उपाशी दिवसासाठी शरीर ते साठवतं. प्रत्येक थेंबावर साय, आणि सायीवर एक राखणदार बसलेला. भूक लागली की त्या राखणदाराला कुणीतरी सांगतं, बाबा सोड आता. तो सोडेना, की यकृतात चरबी साठते आणि माणूस मरतो. तर हे सांगणारं कोण, ते कुणाला माहीत नव्हतं. जगात कुणाला! ते शोधलं कुणी? आमच्या इन-सुकनं." मग बूच ठोकत शेवटचं वाक्य. "मी तिळातून तेल काढतो, ती पेशीतून. धंदा एकच."

"झालं का आजचं भाषण?" आतून त्याची बायको मी-रान विचारायची. "तीळ जळतायत तिकडं."

यकृताच्या त्या पेशी इन-सुकला मेंग सरांनीच दिल्या होत्या. सरांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं एका रोग्याच्या यकृतातून त्या वाढवल्या होत्या, त्या क्षेत्रातली माणसं त्यांना मेंगच्या पेशी म्हणूनच ओळखत. पदवीच्या दिवशी सरांनी बर्फाच्या डब्यात तीन बारक्या नळ्या घालून तिच्या हातात ठेवल्या. "माझी आयुष्यभराची कमाई आहे ही," म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी, कमरेत वाकून घेतल्या. गिल-सू तिथंच उभा होता, नवा कोट घालून, आणि रडत होता. कबूल करत नाही, पण रडत होता.

त्यानंतर सतरा वर्षं इन-सुकनं त्या पेशी सांभाळल्या. लग्न केलं नाही. पेशींना दर दोन दिवसांनी लालसर पाणी बदलून द्यावं लागतं, तेच त्यांचं खाणं. सणाला घरी आली, पूर्वजांपुढं ताट मांडून झालं, की हिची नजर घड्याळावर. "दादा, मी निघते. खाऊ घालायचंय."

"अगं, जेवून तरी जा. गुरं आहेत का ती, हंबरतायत का?"

"हंबरत नाहीत म्हणून तर जावं लागतं."

यंदा तिचं सगळ्यात मोठं काम पुरं झालं. राखणदाराला सांगणारा कोण, त्याचा अकरा वर्षांचा पुरावा एका लेखात आला होता, आणि तो लेख छापून यायच्या आधीच देशातल्या संशोधकांच्या मंडळानं तिला पदक जाहीर केलं. गिल-सूनं पहिल्यांदा बाजारच्या व्यापारी मंडळाला गाठलं. दुसऱ्या दिवशी कमानीवर फलक चढला, दहा हात लांब, पिवळ्यावर लाल अक्षरं: "येचन बाजाराची लेक डॉ. प्यो इन-सुक हिला पदक! हार्दिक अभिनंदन!" दोऱ्या गिल-सूनं स्वतः शिडीवर चढून बांधल्या. पोरांवर सोडलं असतं तर वाऱ्यानं उडाला असता. एकेका टोकाला चार-चार गाठी मारल्या त्यानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"दादा, फलक लावलास का?"

"लावला! फोटो पाठवतो. अगं, स्टेशनावरून दिसतो—"

"काढून टाक."

"का? नाव चुकलंय? मी तीनदा वाचून घेतलं."

"नाव बरोबर आहे. मी येतेय दुपारच्या गाडीनं. पण आधी तो काढ, दादा. मला त्याच्याखालून यायला लावू नकोस."

गिल-सूनं फोन खिशात टाकला, शिडी काढली, कमानीपर्यंत नेली. वर चढून गाठींशी झटला. चार-चार गाठी, रात्रीच्या दवानं फुगलेल्या. खालून तांदळाच्या वड्यांवाली बाई ओरडली, "अरे, अजून किती घट्ट करतोस? बहीण पळून जाणाराय का?" बाजार हसला. तोही हसला. आणि सुरी आणायची सोडून खाली उतरला. लोकांसमोर ते कापायचं कसं?

इन-सुक दुपारी मागच्या गल्लीनं आली. मासळीवाल्यांच्या मोऱ्या ओलांडत, हातात एक पिशवी. घाणीच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसली. मी-राननं गरम कढण आणि भात ठेवला. इन-सुकनं चमचा उचलला, खाली ठेवला आणि पिशवीतून एक कागद काढून भावापुढं सरकवला.

कागदावर आकडे. गिल-सूनं तो उलटा धरला, सुलटा धरला.

"वाचून सांग. मला काय कळतंय."

"लेख छापायच्या आधी दाखला मागतात," ती म्हणाली. "पेशी ज्याच्या म्हणता त्याच्याच आहेत, याचा. नुसता सोपस्कार. एक नळी पाठवली. उत्तर आलं, या यकृताच्या नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे यकृताच्या नाहीत, दादा. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांत असतात त्या दुसऱ्याच पेशी आहेत. कॅन्सरच्या गाठीच्या. फार जोमानं वाढतात. एक थेंब जरी दुसऱ्या बाटलीत उडाला, तरी महिन्याभरात मूळच्या सगळ्या खाऊन टाकतात, आणि वरून कळतसुद्धा नाही. मी टाकीत गोठवून ठेवलेल्या सगळ्या नळ्या तपासून घेतल्या. एकशे बारा. सगळ्या त्याच."

मी-राननं तोंडावर हात ठेवला. गिल-सू कागदाकडं बघत राहिला.

"मग तो राखणदार?"

"राखणदार आहे. पण यकृतात तो असाच वागतो का, ते मला माहीत नाही. मी यकृत बघितलंच नाही. सतरा वर्षं."

गिल-सूच्या तोंडून पहिलं आलं ते घाणीवाल्याचंच. "पण पोरी, तू सरांकडून घेतल्यास तेव्हा तपासल्या नव्हत्यास? समोर उभी राहून?"

इन-सुकनं वर बघितलं. "सरांच्या? उभी राहून?"

गिल-सूनं कागद तिच्याकडं परत सरकवला. कारण पदवीच्या दिवशी ती त्या नळ्या तपासणीला पाठवते म्हणाली असती, तर त्यानंच तिच्या थोबाडीत मारली असती. गुरूनं दोन्ही हातांनी दिलेलं कुणी खरं-खोटं करून घेतं का? तिथं कुणी घेत नाही. त्या सगळ्या सतरा वर्षांत तिच्या लॅबमधल्या एकानंही तपासून घेतलं नाही.

"आता?" मी-राननं विचारलं.

"लेख परत घेतला. सकाळी पत्र गेलं. मंडळालाही लिहिलं, पदक नको म्हणून. जुने सात लेख आहेत, तेही एकेक करून मागे घ्यायचे."

"सगळे?"

"सगळे, वहिनी."

मी-रान उठली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

गिल-सूला मात्र गप्प बसणं जमेना. आयुष्यात जिचं काही करता येत नाही अशी गोष्ट त्याच्या समोर आलीच नव्हती; जी आली होती ती त्यानं आरडाओरडा करून हाकलली होती. "कुणीतरी मिसळल्या असतील. तुझ्यावर जळणारे असतील कुणी."

"कुणी मिसळल्या नाहीत. अशा मिसळतात."

"मग मूळच्या कुठं असतील! पहिल्या. बी तर असेल ना कुठंतरी?"

आणि इथं इन-सुक जराशी सरळ झाली. ती आली होती त्यासाठीच.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची टाकी दुसऱ्याला गेली आणि आतलं सगळं फेकलं गेलं, हे तिनं विद्यापीठात फोन करून विचारून घेतलं होतं. पण सर एक गोष्ट नेहमी म्हणायचे. सगळ्यात पहिल्या तीन नळ्या, चाळीस वर्षांपूर्वी गोठवलेल्या, त्या सुरक्षित हातात आहेत. कुणाच्या, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. सरांचा कुणीतरी जुना मित्र असेल, असं धरून चालली होती. "त्या मिळाल्या आणि त्या खऱ्या यकृताच्या निघाल्या, तर तीन वर्षांत मी सगळे प्रयोग पुन्हा करीन. मी करीन, दादा. सगळंच चुकीचं निघणार नाही. निदान थोडं तरी उरेल."

"मग इथं काय बसलीस? चल!"

सर राहायचे ते आन्दोंग तिथून पाऊण तासावर. गिल-सूनं तेलाच्या डिलिव्हरीची गाडी काढली, मागं बाटल्यांचे खोके तसेच. नव्या तिळाच्या तेलाच्या दोन बाटल्या रेशमी फडक्यात गुंडाळल्या. वाटेत तोच बोलत होता. सर हुशार माणूस, सर ठेवल्याशिवाय राहतील का, मोठ्या माणसांचं असंच असतं, बी कधी संपवत नाहीत. इन-सुक काचेला डोकं टेकून होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या तिळाच्या पेंढ्या, एकमेकींना टेकवून वाळत ठेवलेल्या.

"तू लहान असताना," तो म्हणाला, "नरसाळं धरायचीस, एक थेंब—"

"सांडायची नाही. माहीत आहे, दादा."

मेंग सरांचं घर जुनं, अंगणात पर्सिमनचं झाड, फळांनी वाकलेलं. सर ऐंशीला आले होते. काठी टेकत दारापर्यंत आले आणि इन-सुकला बघून त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आलीस! मला वाटलंच तू स्वतः आमंत्रण घेऊन येणार. अगं ऐकलंस का," आत बायकोला, "माझा निळा कोट काढून ठेवला होतास ना? दाखव हिला."

सरांच्या बायकोनं खरंच कोट आणला. इस्त्री केलेला, खिशात रुमाल. "रोज विचारतात, तारीख कधी, तारीख कधी," ती हसत म्हणाली. "पदकाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसायचंय त्यांना."

गिल-सूनं बाटल्या पुढं ठेवल्या. "आमचं तेल, सर. यंदाचं पहिलं."

इन-सुक गुडघ्यांवर बसली, वाकून नमस्कार केला आणि वाकलेलीच म्हणाली, "सर, तुम्ही म्हणायचात, पहिल्या तीन नळ्या सुरक्षित हातात आहेत. त्या कुणाकडं आहेत?"

"त्या?" सर हसले, लहान मुलासारखे. "अजून कळलं नाही तुला? त्याच तर तुला दिल्या. पदवीच्या दिवशी. माझ्याजवळ शेकडो नळ्या होत्या, कुठल्याही देता आल्या असत्या. मी पहिल्या दिल्या. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

"मला?"

"मग आणखी कुणाला? तुझ्याएवढे सुरक्षित हात माझ्याकडं कुणाचे होते?"

अंगणात एक फळ पडलं. इन-सुक हलली नाही. त्या तीन नळ्या तिनं त्याच आठवड्यात वितळवल्या होत्या. त्यातूनच सगळं वाढवलं. त्यातलं मूळचं आता काही म्हणता काही नव्हतं. ना तपासायला, ना दाखवायला. मिसळ सरांच्या हातून झाली होती की तिच्या, हे जगात कुणालाही, कधीही कळणार नव्हतं.

तिनं सांगितलं. सगळं, थोडक्यात, खाली बघत. दाखला, एकशे बारा नळ्या, परत घेतलेला लेख.

सरांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तू तपासल्यास?"

"हो, सर."

"माझ्या पेशी."

"हो."

सरांच्या बायकोनं कोट हळूच उचलला आणि घडी घालून मांडीवर घेतला.

सरांचा हात चहाच्या कपाकडं गेला, कपापर्यंत पोचला नाही. "म्हणजे… कधीपासून?" त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्याही वेळी? तेवीस वर्षं मी…"

"नाही, सर," इन-सुक म्हणाली. पटकन. "तुमच्या वेळच्या ठीक होत्या. चूक माझ्याकडं झाली. पहिल्याच वर्षी. मी नवी होते."

गिल-सू पुढं सरसावला. "सर, हिच्या हातून? अहो, ही सहा वर्षांची असताना—" इन-सुकनं मागून त्याच्या कोटाची बाही धरली. घट्ट. सहा वर्षांची असताना धरायची तशीच.

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ते दिसलं. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "हात घाईचा होता तुझा. मी किती वेळा सांगायचो, एका वेळी एकच बाटली उघड. एकच. सांगायचो ना?"

"सांगायचात, सर."

"ऐकलं असतंस तर."

"हो, सर."

गिल-सू, ज्यानं आजवर तिच्याबद्दल कुणाचा अर्धा शब्द ऐकून घेतला नाही, ज्यानं शाळेच्या मास्तरच्या घरी जाऊन टेबल उलटं केलं होतं तिला तेलकट म्हटलं म्हणून, तो प्यो गिल-सू तिथं बसून चहा प्यायला. कारण बाही सुटली नव्हती.

निघताना सर दारापर्यंत आले. सरांच्या बायकोनं पिशवीभर पर्सिमन दिले. इन-सुक चप्पल घालायला वाकली, तेव्हा सरांनी काठीवर रेलून, अगदी हळू विचारलं. "इन-सुक. माझ्या वेळच्या… नक्की ठीक होत्या ना?"

"ठीक होत्या, सर."

गाडी आन्दोंगच्या बाहेर आली तसा गिल-सू फुटला. "खोटं का बोललीस? तुझी चूक कशी? तुझ्या हातून थेंब सांडत नाही! सांगायचं होतं त्यांना तोंडावर, म्हाताऱ्या, तुझ्याच—"

"मला माहीत नाही, दादा, खोटं होतं का."

"काय?"

"खोटं बोलले की खरं बोलले, मला माहीत नाही. कळायला काही उरलंच नाही." तिनं पिशवीतून एक फळ काढलं, हातात धरलं, परत ठेवलं. "तुला वाटतं माझ्या हातून थेंब सांडत नाही. तू बाटलीकडं बघायचास. खालची फरशी मी पायानं पुसायचे."

गिल-सूनं गाडी चालवली. पुढचा अर्धा तास गाडीत फक्त मागच्या बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या.

ती दोन दिवस राहिली. यंत्रासमोरच्या स्टुलांवरच्या बायकांत बसली. त्यांच्यासारखीच, डोळा यंत्रावर. मी-राननं तिला न विचारता तिच्या आवडीचं मुळ्याचं लोणचं घातलं. कुणी पदकाचं विचारलं की इन-सुक सरळ सांगायची, "नको म्हणून कळवलं. काम चुकलं." बायका "हो का," म्हणायच्या आणि गिल-सूकडं बघायच्या. तो पेंड फोडत असायचा. भाषण नाही, काही नाही. तांदळाच्या वड्यांवाली बाई मी-रानला बाजूला घेऊन म्हणाली, "याला बरं नाही का गं? सकाळपासून ओरडला नाही."

फलक इन-सुकनंच उतरवला. सकाळी उठून, मी-रानच्या स्वयंपाकाची कात्री घेऊन. गिल-सू खाली शिडी धरून उभा राहिला. तेवढंच काय ते त्याच्याकडून झालं. ती वरून म्हणाली, "किती गाठी मारल्यास रे," आणि एकेक कापत गेली. बाजारात जुन्या फलकांवर मिरच्या नाहीतर तीळ वाळत घालायची पद्धत. मिरचीवाला चांगलं मोठं प्लास्टिक बघून पुढं आलासुद्धा. गिल-सूनं त्याला एका नजरेत परत पाठवलं, फलक गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

रविवारी त्यानं तिला देजॉनला फोन केला. मागं कसली तरी घरघर चालू होती.

"कुठं आहेस?"

"लॅबमध्ये."

"रविवारी? काय करतेस?"

"खाऊ घालतेय."

"कुणाला? त्यांनाच?"

"हो."

"अगं, पण त्या आपल्या नाहीत ना. टाकून दे. नवं काहीतरी—"

"टाकायच्याच आहेत. संस्थेची चौकशी समिती येऊन बघेपर्यंत जिवंत ठेवायच्यात." मग थोडं थांबून, "आणि दुसरं काय करू, दादा? मला दुसरं काही येत नाही."

त्याला म्हणायचं होतं, परत ये. घाणी आहे. म्हणायचं होतं, तू अजूनही या जिल्ह्यात सगळ्यात हुशार आहेस. "जेवलीस का?" एवढंच तो म्हणाला.

"जेवले."

जेवली नव्हती. हे मात्र त्याला नक्की कळलं.

सोमवारी होंग आजी आली. पाठीवर नव्या तिळाची पोतडी, कमरेत वाकलेली. पोतडी टेकवली आणि वळली. "ठेव रे. मी सुया टोचून येते."

"आजी," गिल-सू म्हणाला, "आज बसा."

"का? यंत्र बिघडलंय?"

"नाही. बसा आणि बघा."

आजी थांबली. "काय बघू?"

"तुमचेच तीळ भाजतो, तुमचेच घालतो, ते बघा. शेवटच्या थेंबापर्यंत."

स्टुलांवरच्या बायकांनी माना वळवल्या. होंग आजीनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "एकतीस वर्षांत मी कधी बसले इथं? काय केलंस रे, की मी आता बसावं?"

"काही नाही केलं, आजी."

"मग माझा अपमान कशाला करतोस? मी काय तुला चोर समजते? माझा नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मी तीळ तुझ्यावर टाकून गेले. सणाचं तेल तूच घरी आणून दिलंस. मी बाटली उघडून वास घेतला होता का?"

गिल-सूनं तोंड उघडलं. या तोंडानं त्यानं अख्खा बाजार चाळीस वर्षं गाजवला होता. त्यातून काही येईना. तिला काय सांगणार? की न बघणाऱ्याचंच सगळं जातं? की देणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं, आपण काय दिलं?

"बसा हो," एवढंच आलं. "माझ्यासाठी बसा."

आजीनं एक स्टूल ओढलं. यंत्रासमोर ठेवलं. मग ते उलटं फिरवलं, आणि यंत्राकडं पाठ, रस्त्याकडं तोंड करून बसली. हात छातीशी बांधून.

गिल-सूनं तीळ धुतले, भाजले. यंत्रात घातले. पहिली धार आली तेव्हा तो म्हणाला, "आजी, बघा ना."

आजी रस्त्याकडंच बघत राहिली.